‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर सगळं बघा’: अशा बॉक्समध्ये नेमकं काय असतं

केबल बंद करायचं ठरवलेल्या माणसाला गाठणं सोपं असतं. महिन्याचा खर्च कमी करायला तो निघालेलाच असतो, आणि त्याच वेळी जाहिरात समोर येते: हजारो चॅनेल, सगळे सामने, सगळ्या ओटीटी सेवा, एकदाच पैसे, पुन्हा बिल नाही. आठवडाभर सगळं छान चालतं. मग बिघाड सुरू होतात, आणि ते ठरलेल्या क्रमानेच होतात, म्हणून तो क्रम आधी माहीत असणं महत्त्वाचं.

या सौद्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र चिकटवून विकलेल्या असतात. एक टीव्हीला जोडायचा अँड्रॉइड बॉक्स आणि एक चॅनेल बघायचं लॉगिन. दोन्हींत फसवणूक आहे, पण दोन्हींची रीत निराळी आहे.

आधी लॉगिन. विकणाऱ्याकडे स्वतःचं एकही चॅनेल नसतं, सर्व्हरही नसतो. तो रिसेलर असतो, म्हणजे दुसऱ्याची सेवा पुढे विकणारा. वरच्या माणसाच्या पॅनेलवर, म्हणजे गिऱ्हाइकांची खाती चालवण्याच्या संकेतस्थळावर, तो ‘क्रेडिट’ विकत घेतो. एक क्रेडिट म्हणजे बहुधा एका जोडणीचा एक महिना. त्यातून तो तुम्हाला एम३यू लिंक (चॅनेलांच्या यादीचा दुवा) किंवा सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड देतो. त्याच्या वरचा माणूसही पुष्कळदा रिसेलरच असतो. आता ‘आयुष्यभर’ या शब्दाकडे पाहा. खाली दर महिन्याला क्रेडिट जळत असेल, तर एकदाच घेतलेल्या पैशात आयुष्यभराची सेवा देणं हिशेबातच बसत नाही. विकणाऱ्याला तुमचे महिने चालू ठेवण्यात काही मिळत नाही, नवा गिऱ्हाईक शोधण्यात मिळतं. म्हणून काही महिन्यांनी लिंक मरते, चॅटवरचा नंबर बंद होतो, आणि तोच माणूस नव्या नावाने नवी जाहिरात लावतो.

कधी लिंक मरते ती वरून सर्व्हरच उचलले जातात म्हणून. सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीच्या पोलिसांनी ‘एक्सट्रीम कोड्स’ ही पॅनेलची यंत्रणा बंद पाडली, तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या असंख्य सेवा एकाच दिवशी थांबल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपात अशाच एका जाळ्यावर मोठी कारवाई झाली. त्याचे जगभर सव्वादोन कोटींच्या आसपास ग्राहक असल्याचं तपास यंत्रणांनी सांगितलं. वर्षाचे किंवा आयुष्यभराचे पैसे भरलेल्यांना अशा वेळी परत मागायला कोणी उरत नाही.

२४ तासांची फुकट चाचणी देतात ती फसवी असते. चाचणी चालते दुपारी, आठवड्याच्या मधल्या वारी, सर्व्हर रिकामा असताना. खरी परीक्षा मोठ्या सामन्याच्या पहिल्या १५ मिनिटांत होते. हजारो लोक एकाच प्रवाहावर येतात आणि चित्र अडकायला लागतं. तक्रार केली की उत्तर तयार असतं: ‘तुमचं इंटरनेट हळू आहे, व्हीपीएन घ्या,’ आणि तो व्हीपीएनही (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) तोच विकतो. खरं-खोटं दोन मिनिटांत कळतं. चित्र अडकलेलं असतानाच त्याच टीव्हीवर एखाद्या अधिकृत ॲपमध्ये एचडी व्हिडिओ लावा. १०८०पी साठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस सलग मिळाले की पुरतात. अधिकृत ॲप न अडकता चाललं तर दोष तुमच्या लाइनचा नाही.

पैसे कसे मागतात, त्यावरूनही ओळखता येतं. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, ‘मित्राला पाठवतोय असं दाखवा’ म्हणून केलेलं हस्तांतरण. हे मार्ग निवडले जातात कारण त्यांत पैसे परत खेचता येत नाहीत.

आता बॉक्स. खोक्यावर ८के, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, अँड्रॉइड १३ असं छापलेलं असतं. सेटिंग्जमध्येही तेच दिसतं, पण तो मजकूर हवा तसा बदलता येतो. हार्डवेअरची माहिती देणारं एखादं ॲप टाकून एपीआय पातळी, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक, बघा: अँड्रॉइड १३ ची ३३ असते, अँड्रॉइड १० ची २९. वर १३ आणि खाली २९ दिसलं तर आत जुनी प्रणाली आहे आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. साठवण तपासायची तर मोठ्या व्हिडिओ फायलींनी ती जवळजवळ भरा आणि शेवटच्या फायली चालवून बघा. आकडा खोटा असेल तर फायली कॉपी झाल्याचं दिसतं, पण उघडत नाहीत.

लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते ती चित्राच्या दर्जावर. स्वतःच्या खात्याने, रीतसर पैसे भरून लॉगिन केलं तरी ४के टीव्हीवर चित्र पुसट दिसतं. कारण वाइडवाइन, म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून लावलेलं गूगलचं डिजिटल कुलूप (डीआरएम). ओटीटी सेवा हे कुलूप वापरून चित्र पाठवतात. एल१ पातळीत ते कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडतं, एल३ मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. एल३ उपकरणाला बहुतेक मोठ्या सेवा ४८०पी च्या आसपासच चित्र देतात, आणि काही सेवा तर स्वतः मंजूर केलेल्या उपकरणांनाच एचडी सोडतात. डीआरएमची माहिती दाखवणारं ॲप टाकलं की ‘सिक्युरिटी लेव्हल’ समोर येते. परत करायची मुदत संपायच्या आत हे बघा, नंतर त्याचा उपयोग नाही.

ॲप न टाकताही संशय घेता येतो. रिमोटवर माउसचा बाण आणणारं बटण आहे, प्ले स्टोअर फोनसारखं दिसतं, आणि सुरुवातीलाच ‘प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप शोधणारी गूगलची तपासणी) बंद करा’ असं सांगितलं जातं: या तिन्हींपैकी शेवटची खूण सर्वात गंभीर. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली उपकरण प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. तिथे ‘प्रमाणित नाही’ असं दिसलं तर बॉक्स परत करा, वापरून बघू म्हणू नका.

एवढं निक्षून सांगण्याचं कारण पैशांपेक्षा मोठं आहे. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातून येतानाच घुसवलेला घातक प्रोग्राम सापडला. त्यानंतर ‘बॅडबॉक्स’ या नावाने अशा उपकरणांचं मोठं जाळं उघड झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘वोईड’ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामने १९७ देशांतले सुमारे १३ लाख टीव्ही बॉक्स बाधित केल्याचं आढळलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीबद्दल जाहीर इशारा दिला: काही उपकरणं विकण्याआधीच बाधित असतात, काही पहिल्यांदा चालू करताना ज्या अनधिकृत ॲप स्टोअरमधून ॲप घ्यायला लावतात तिथून बाधित होतात.

असा प्रोग्राम टीव्ही बंद पाडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तो तुमचं इंटरनेट दुसऱ्यांना वापरायला देतो. परक्या माणसाने केलेली खाती फोडण्याची खटपट किंवा जाहिरातींवरचे खोटे क्लिक तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून) झालेले दिसतात. मग अधूनमधून प्रत्येक संकेतस्थळ ‘तुम्ही माणूस आहात का’ असं विचारायला लागतं. राउटरच्या पानावर बॉक्सचा अपलोड बघा. व्हिडिओ पाहताना डाउनलोड प्रचंड आणि अपलोड किरकोळ असतो. कोणी टीव्ही बघत नसताना रात्रभरात शेकडो एमबी अपलोड झाला असेल तर मामला स्पष्ट आहे.

फॅक्टरी रीसेट करून हे जाईल अशी आशा ठेवू नका. रीसेट केल्यावर बॉक्स सिस्टीमच्या ज्या भागातून पुन्हा उभा राहतो, प्रोग्राम त्याच भागात बसलेला असतो. बॉक्सची वीज काढा, नेटवर्क केबल काढा. मग वायफायचा पासवर्ड बदला. त्या बॉक्सवर ज्या ज्या खात्यांनी लॉगिन केलं होतं त्या सगळ्यांचे पासवर्ड फोनवरून किंवा संगणकावरून बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. गूगल खातं सर्वांत आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड बदलण्याचे मेल तिथे येतात. कार्डाचा नंबर त्यात टाकला असेल तर बँकेला कळवून कार्ड बदलून घ्या, आणि पैसे कार्डाने दिले असतील तर त्याच दिवशी वाद नोंदवा. जाहिरातीचं चित्र, चॅट, पावती जपून ठेवा. तो बॉक्स कुणाला देऊ नका, विकूही नका.

टीव्हीमागे खोचायची छोटी ‘जादुई’ स्टिक, जिला इंटरनेटही लागत नाही आणि वर्गणीही नाही, ती साधी अँटेना असते. जवळच्या मनोऱ्यावरून हवेतून मोफत सोडलेले चॅनेल तेवढे पकडेल. सशुल्क चॅनेल कूटबद्ध असतात, ते तिच्यातून येणं शक्यच नाही.

खऱ्या, चांगल्या उपकरणावरही एक सापळा असतो. ॲपमध्ये खातं जोडताना टीव्हीवर कोड आणि तो टाकायचा पत्ता येतो, लोक तो सर्चमध्ये शोधतात, वरच्या जाहिरातीतल्या ‘मदत केंद्रा’ला फोन लावतात आणि ‘ॲक्टिव्हेशन फी’ भरतात. कोड टाकायला पैसे लागत नाहीत. पत्ता टीव्हीच्या पडद्यावर दिसतो तसाच ब्राउझरमध्ये हाताने टाइप करा.

आणि रीतसर सेवांमध्येही पैसे गळतात. ॲप काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही. जिथून घेतली तिथूनच रद्द करावी लागते: फोनच्या स्टोअरमधून घेतली तर स्टोअरमध्ये, सेवेच्या संकेतस्थळावरून घेतली तर तिथे. फुकट महिना संपण्याच्या दोन दिवस आधीचं स्मरण लावा. ‘दरमहा’ दर दाखवणारी योजना वर्षाच्या कराराची आहे का, ते मधेच सोडल्यावर किती कापतात या ओळीत कळतं.

केबल तोडण्याआधी दोन आठवडे घरात खरोखर कोणते चॅनेल लागतात ते कागदावर लिहा. थेट सामने आणि बातम्या वेगळ्या रकान्यात, कारण तेच सर्वांत जास्त सेवांमध्ये विखुरलेले असतात. मग एकेका नावासमोर अधिकृत सेवा लिहून बेरीज करा. केबल आणि इंटरनेट एकाच कंपनीचं असेल तर नुसत्या इंटरनेटचा दर लेखी मागवा, पुष्कळदा तो जोडीच्या दरापेक्षा चढा असतो. नव्या व्यवस्थेवर एक पूर्ण महिना काढल्यावरच केबलचा जुना बॉक्स परत करा, आणि परत केल्याची पावती अनुक्रमांकासह घ्या, नाहीतर बॉक्स परत दिलाच नाही म्हणून त्याचे पैसे शेवटच्या बिलात लागतात.