२०१६ : दोन सिनेमे, एक अल्बम

अल्बम एकच, ‘सैराट’. चारच गाणी. मराठवाड्यातल्या वरातीत ‘झिंगाट’ इतकं वाजलं की बाकीची तीन मागंच राहिली. डीजेवाले बेस पार वर नेतात, मग खालचा धडधडाट तेवढा उरतो आणि बाकीची वाद्यं गडप. पाश्चात्त्य वाद्यमेळ हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रित केलाय, तो ऐकायचा तर ‘याड लागलं’ लावा. वायरचा हेडफोन घ्या, बेस बूस्ट बंद, आवाज निम्म्यावर. गायक अजय गोगावलेच्या गळ्यामागून व्हायोलिनं कशी चढत जातात बघा. मोबाईलच्या स्पीकरवर हे कळणारच नाही.

सिनेमा म्हणूनही पहिला तोच. तो घडतो करमाळ्याकडं. करमाळा म्हणजे आपल्या परंड्याच्या शेजारचा तालुका, त्यामुळं नायिका आर्चीची बोली इकडं कुणाला समजावून सांगावी लागली नाही. जवळपास तीन तासांचा आहे. गाणी पूर्वार्धातच संपतात. उत्तरार्ध लांबला अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, ती लांबी मुद्दाम आहे. शेवटी आवाज गेला तर रिमोट शोधू नका, तो तसाच आहे.

दुसरा ‘व्हेंटिलेटर’. दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनी असे तीन राष्ट्रीय पुरस्कार. पात्रं ढीगभर, पहिल्या वीस मिनिटांत कोण कुणाचा कोण ते लागत नाही. तेवढा वेळ फोन बाजूला ठेवा.

‘नटसम्राट’? नाना पाटेकर जबरदस्त, पण पडद्यावर नाटकच जास्त दिसतं. म्हणून यादीबाहेर.