एडिटिंग मशीनवर विंडोज डिफेंडर: रेंडर स्लो होतो का?

एडिटिंगवाल्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो, अँटीव्हायरस बंद कर मग बघ रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) कसा पळतो. मी विंडोज ११ वर बरेच दिवस फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस, वापरतोय, प्रीमियर, आफ्टर इफेक्ट्स, रिझॉल्व्ह ही व्हिडिओची सॉफ्टवेअर्स सगळी त्याच मशीनवर, आणि माझं मत विचाराल तर रेंडरशी त्याचा फारसा संबंधच नाही. त्रास देतो, नाही असं नाही, पण भलत्याच ठिकाणी, आणि त्यासाठी अख्खा डिफेंडर बंद करायची काहीच गरज नाही.

कसंय, रिअल टाइम प्रोटेक्शन म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडायला किंवा लिहायला गेला की डिफेंडर मध्ये येऊन आधी ती तपासतो. आता एच २६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करताना काय होतं, सोर्सच्या मोजक्या मोठ्या फाइल्स उघडल्या जातात आणि शेवटी एकच फाइल लिहिली जाते, बाकी सगळा वेळ जीपीयू नाहीतर सीपीयू एन्कोडिंगमध्ये राबत असतो, तिथे डिफेंडरला करायला कामच किती उरतं? पण हेच ईएक्सआर नाहीतर डीपीएक्स सिक्वेन्स, म्हणजे सुट्ट्या चित्रांची मालिका, घ्या, तिथे प्रत्येक फ्रेम म्हणजे वेगळी फाइल, २४ एफपीएसला एका मिनिटाच्या १४४० फाइल्स, आणि प्रत्येक फाइलमागे थोडा थोडा वेळ जातोच. प्रीमियरची मीडिया कॅश, आफ्टर इफेक्ट्सची डिस्क कॅश, रिझॉल्व्हचं कॅशक्लिप फोल्डर, हा सगळा तसलाच मामला, कॅश म्हणजे सॉफ्टवेअरने कामापुरत्या साठवलेल्या फाइल्स, त्या सतत नवीन लिहिल्या जातात. नवीन फुटेज इम्पोर्ट केलं की प्रीमियर ऑडिओसाठी पीक फाइल्स (आवाजाचा आलेख दाखवायला लागणाऱ्या) बनवत बसतो, तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघा, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचे महाशय, म्हणजे डिफेंडरच, वर आलेले दिसतील.

पण टाइमलाइन अडकतेय म्हणून लगेच डिफेंडरला शिव्या घालू नका हां. बऱ्याचदा खरा गुन्हेगार कॅमेऱ्याचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, असतो. एच २६५ चं १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेलं) फुटेज हार्डवेअरवर डीकोड करणं भरपूर ग्राफिक्स कार्डांना जमतच नाही, एनव्हीडियाने ते आरटीएक्स ५० सीरिजमध्ये आणलं, मग सगळा भार सीपीयूवर येतो आणि प्लेबॅक तुटतो. तिथे प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवा, अँटीव्हायरस उडवून काही होणार नाही. खात्रीच करायची तर पॉवरशेल (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडा, डिफेंडरचा स्वतःचा परफॉर्मन्स ॲनालायझर आहे त्यात, रेकॉर्डिंग चालू करायचं, नेहमीसारखं काम करायचं, थांबवून रिपोर्ट काढायचा, कुठल्या फाइल्सवर, कुठल्या एक्स्टेन्शनवर आणि कुठल्या प्रोसेसमुळे किती वेळ गेला ते सगळं मिळतं. फुकटात इतकं चांगलं टूल आहे आणि कोणी त्याचं नावही काढत नाही, कमाल आहे.

आता उपाय. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, एकदम खाली एक्सक्लूजन्स, म्हणजे डिफेंडरने काय तपासायचं नाही त्याची यादी. तिथे फक्त कॅशची फोल्डर्स टाका, आणि त्याआधी कॅश वेगळ्या एसएसडीवर एका फोल्डरमध्ये हलवून घ्या म्हणजे एकच पाथ द्यावा लागतो. प्रोसेस एक्सक्लूजन पण असतं, तिथे लोकांचा घोळ होतो. प्रीमियरची प्रोसेस टाकली म्हणजे प्रीमियरने उघडलेल्या फाइल्स रिअल टाइममध्ये तपासल्या जात नाहीत, ठरलेल्या वेळी आपोआप होणारा शेड्यूल्ड स्कॅन त्या तपासतोच. मी ते टाळतो, कारण मग प्रीमियर क्लायंटने पाठवलेल्या कुठल्याही ड्राइव्हवरून काहीही उघडो, डिफेंडर तिकडे बघणारच नाही. अख्खा डी ड्राइव्ह नाहीतर डाउनलोड्स फोल्डर एक्सक्लूड करणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. आपल्या धंद्यात फुकटचे प्लगइन, टेम्प्लेट्स, क्रॅक हे सगळं तिथेच तर येऊन पडतं, आणि स्पॉन्सरशिपची ऑफर म्हणून येणाऱ्या खोट्या पीडीएफ पण. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्ससारखं मोठं यूट्यूब चॅनल असंच हॅक झालं होतं, असल्याच एका अटॅचमेंटमधल्या मालवेअरने ब्राउझरचं लॉगिन सेशन चोरलं, पासवर्ड माहीत असायची गरजच पडली नाही.

शेड्यूल्ड स्कॅनसाठी सीपीयूची मर्यादा डिफॉल्टला ५० टक्के असते, सरासरी म्हणून, कडक लगाम नाही तो. पॉवरशेलमधून कमी करता येते.

एक गोष्ट मात्र मला आवडत नाही, कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. रॅन्समवेअरपासून वाचवायला आहे, डिफॉल्टला बंद असतं, पण कोणी चालू केलं तर डॉक्युमेंट्स, व्हिडिओज असल्या फोल्डर्समध्ये अनोळखी ॲपला लिहू देत नाही. एखादा छोटासा कन्व्हर्टर किंवा जुना प्लगइन असेल तर सेव्ह होत नाही म्हणून एरर तो स्वतःच्या भाषेत देतो, डिफेंडरचं नावही त्यात नसतं, मग माणूस डिस्क आणि परमिशन तपासत बसतो. प्रोटेक्शन हिस्टरीत जाऊन बघितलं तर तिथे ब्लॉक केल्याची नोंद सापडते, तिथून ते ॲप अलाऊ करता येतं.

पैसे देऊन दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस सुइट घ्यावा का? नुसत्या एडिटिंग मशीनसाठी मी तरी घेणार नाही. सगळे जड असतात असं नाही, एव्ही कम्पॅरेटिव्ह्ज ही अँटीव्हायरस तपासणारी संस्था परफॉर्मन्सची वेगळी टेस्ट घेते, फाइल कॉपी, ॲप इन्स्टॉल, ॲप उघडणं असं सगळं बघते, घ्यायचाच असेल तर ती टेबलं बघून घ्या. पण सोबत येणारे व्हीपीएन, क्लीनर आणि रेंडर चालू असताना कोपऱ्यात उगवणारे पॉपअप मला नकोत. आणि नवीन लॅपटॉपवर ट्रायल आधीच घातलेलं असेल तर ते काढताना नुसतं अनइन्स्टॉल करू नका, त्या कंपनीचं रिमूव्हल टूल असेल तर तेच वापरा, नाहीतर ड्रायव्हर मागे राहू शकतात. मग रीस्टार्ट करून विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर परत चालू झालाय का ते बघून घ्या, दुसरा अँटीव्हायरस असेपर्यंत तो स्वतःच बाजूला बसलेला असतो.