सेकंडहँड स्टेज लाईट घेताय? जुने हॅलोजन पार की वापरलेले एलईडी पार, बिघाडाच्या बाजूने बघूया

गणपती-नवरात्र आटोपली की ठाण्यात, कळव्यात, वाशीकडे बरेच मंडपवाले जुना माल काढतात आणि एकांकिकावाले ग्रुप, सोसायटीच्या हॉलचे लोक विचारायला लागतात की पार कॅन (डब्याच्या आकाराचा स्टेजचा लाईट) हॅलोजनचा घेऊ की एलईडीचा. उजेड आणि किंमत यावर सगळेच बोलतात, मी बिघाडाच्या बाजूने सांगतो, कारण जुना लाईट कधीतरी बंद पडणारच, आणि तेव्हा तुमच्या ग्रुपमधल्या कुणाला तो उघडून कळणार आहे का, यावर सगळं आहे.

आधी हॅलोजन, म्हणजे तो काळा डबा, पार ६४, १००० वॉटवाला. यात बिघडायला आहेच काय, लॅम्प, सिरॅमिक होल्डर, वायर आणि टॉप (तीन पिनांचा प्लग). लाईट लागत नाही तर तोच लॅम्प दुसऱ्या डब्यात लावून बघायचा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. मीटरने लॅम्प तपासताना तीन-चार ओहम दाखवलं तर शॉर्ट आहे म्हणून फेकू नका हां, थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स एवढाच असतो, पेटल्यावर तो ५० च्या पुढे जातो. लॅम्प ठीक आणि तरी लाईट मिचमिच करतोय तर होल्डर बघा, पिना काळ्या पडलेल्या किंवा होल्डरचे कॉन्टॅक्ट सैल झालेले असणार, अशा होल्डरमध्ये नवा लॅम्प घातला तर तोही लवकर जातो, होल्डरच बदला. वायर डब्यात जिथून शिरते तिथे उष्णतेने कडक होऊन तडकते, तिथे साधी पीव्हीसी वायर कुणी जोडली असेल तर ती काढून हीट-रेझिस्टंट वायर घालायची, यात तडजोड नाही.

हॅलोजनची खरी डोकेदुखी डिमरमध्ये, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या खोक्यात असते. फेडर (उजेडाचं सरकतं बटण) खाली तरी लाईट फुल पेटलेला, तर बहुतेक ट्रायॅक, म्हणजे डिमरमधला वीज चालू-बंद करणारा भाग, शॉर्ट झालाय. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, डिमरचं आउटपुट नुसत्या मीटरने मोजलं तर बंद चॅनलवरही व्होल्टेज दिसतं, थोडी लीकेज असते आणि लोड नसतो म्हणून, त्यामुळे आधी १०० वॉटचा साधा बल्ब लावा आणि मग मोजा.

एलईडी पारचं तसं नाही, आत सप्लाय बोर्ड, एलईडीची प्लेट, कंट्रोल बोर्ड, फॅन, सगळं कोंबलेलं. पण बिघाड कुठल्या बाजूला आहे हे न उघडताही बरंच कळतं. डीएमएक्सची (कंट्रोल डेस्कवरून लाईटला हुकूम देणारी) वायर काढा, मेनूमधून ऑटोवर टाका. ऑटोत चालतोय म्हणजे सप्लाय आणि एलईडी ठीक, गडबड ॲड्रेसमध्ये (लाईटला दिलेला डीएमएक्स नंबर), वायरीत नाहीतर डीएमएक्सच्या आयसीत, आणि खरं सांगतो, ॲड्रेस किंवा चॅनल मोड चुकलेला असणं यातच निम्मी तक्रार मिटते. सगळे लाईट एकत्र वेडेवाकडे लुकलुकत असतील तर शेवटच्या लाईटला २ आणि ३ नंबर पिनांमध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर (शेवटी लावायचा रेझिस्टर) लावून बघा आणि माईकच्या केबलऐवजी डीएमएक्सची केबल वापरा.

मग लाल, हिरवा, निळा, पांढरा एकेक फुल करून बघायचं. एका रंगाचे ठराविक एलईडी बंद, बाकीचे चालू, तर ती सिरीजमधली एक माळ तुटलीय. फेडर शून्यावर असून एखादा रंग पेटलेलाच राहतो तर त्याचा मॉसफेट (त्या रंगाचा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट. टिकटिक आवाज करत लाईट चालू-बंद होतोय तर सप्लाय, फुगलेला कॅपॅसिटर डोळ्यालाच दिसतो. फॅनवर धूळ आणि स्मोक मशीनचा चिकट थर बसून तो अडकला की एलईडी तापून मरतात, म्हणून फॅन आधी बघा. कुणी एलईडी पार चुकून डिमरच्या चॅनलवर चालवला असेल तर सप्लायची वाट लागलेली असते, विकणाऱ्याला हे थेट विचारा.

मंडपातल्या मालाचा अजून एक इतिहास असतो, जनरेटरवर किंवा थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला की काही लाईटला २३० च्या जागी ४०० च्या आसपास मिळू शकतं. हॅलोजनचा लॅम्प तेव्हा उडून जातो, बदलला की झालं. एलईडीत फ्यूज काळा पडतो, त्याच्या शेजारचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज झेलणारा भाग) फुटतो आणि बऱ्याचदा पुढचंही जळतं. फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा दिसला तर तो लाईट तिथेच ठेवून या.

शॉकच्या बाबतीत दोघांनाही एकच नियम, टॉपची अर्थ पिन ते बॉडी, रंग खरवडून, एक ओहमच्या आत आलं पाहिजे. आपल्याकडे खाडीची हवा आणि पावसाळा, स्क्रू गंजतो आणि अर्थ तुटते, लाईट तरी चालूच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही आणि शिडीवरच्या पोराला शॉक बसतो. हॅलोजनला मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) ५०० व्होल्टवर एक मेगओहमच्या वर यायला हवं. एलईडीचा सप्लाय उघडायचा असेल तर प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठलेलं असू शकतं, मीटरने मोजल्याशिवाय हात लावू नका.

लोडचा हिशोब तर सरळ आहे, १६ अँपियरच्या पॉईंटवर १००० वॉटचे तीन पार म्हणजे संपलं. एलईडी त्याच पॉईंटवर डझनभर आरामात, फक्त खूप लाईट एकाच ३० मिलीअँपच्या आरसीसीबीवर (लीकेज झाल्यावर वीज तोडणारा स्विच) घेतले तर प्रत्येकाची थोडी थोडी लीकेज जमून तो पडू शकतो, तेव्हा लाईट वाटून लावा.

माझं मत विचाराल तर सोसायटी हॉल, शाळा, ज्यांच्याकडे डिमर नाही आणि वायरिंगही साधीच, त्यांनी एलईडी घ्या, पण सगळे एकाच मॉडेलचे आणि गरजेपेक्षा दोन जास्त, म्हणजे एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालतो. ज्या ग्रुपमध्ये डिमर आहे आणि सोल्डरिंग नाही पण मीटर धरणारा कुणी आहे, त्यांनी चेहऱ्याच्या उजेडासाठी हॅलोजन बिनधास्त घ्यावेत, फक्त लॅम्प आता पूर्वीइतके सहज मिळत नाहीत, सोबत चार-सहा मागून घ्या. आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक लाईट फुल पांढऱ्यावर किंवा फुल फेडरवर अर्धा तास चालवून बघा, पहिल्या पाच मिनिटांत सगळेच चांगले दिसतात.