ज्वारीच्या ताटातली लायसिनची जागा: आईच्या जेवणात केलेल्या बदलांचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून लातूरला आईच्या जेवणात काही बदल केले. सोयाबीनच्या वड्या, घट्ट वरण, सकाळचं दही, राजगिरा आणि काही काळ दुधातल्या व्हे प्रोटीनची पावडर. कोलॅजनचा, म्हणजे कातडी-हाडांतल्या प्रथिनाचा, एक डबाही घरात आला. कशाचा उपयोग झाला आणि कुठे नुसतेच पैसे गेले, ते सविस्तर लिहिते आहे. आमच्यासारखी ज्वारी खाणारी, अंडं-मांस न खाणारी घरं मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या ताटाला धरून लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही.

आईचं वय सदुसष्ट, वजन ५२ किलो. थायरॉईडची गोळी चालू आहे, साखर आणि बीपी ठीक. तक्रार एकच, पायांत जोर नाही. खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं, जिना चढताना कठडा सोडत नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, किडनीचं काम नीट चालू आहे याची खात्री केली आणि मग दिवसभरात काय काय खाते ते विचारलं. दोन्ही वेळेला दोन-दोन भाकरी, पालेभाजी, पातळ आमटी, शेंगदाण्याची चटणी, चहापुरतं दूध. पोट भरत होतं, पण स्नायूंना लागणारा माल त्यात कमी होता. त्यांनी फिजिओथेरपीचे व्यायाम दिले आणि जेवणात प्रथिनं वाढवायला सांगितली.

किती वाढवायची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वयस्कांसाठी मात्र प्रोट-एज या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम सुचवले, कारण वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी प्रतिसाद देतात. म्हणजे आईला रोज साधारण ५२ ते ६२ ग्रॅम. पण नुसता हा आकडा धरून चाललं तर ज्वारीच्या ताटातली खरी अडचण दिसत नाही.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत: लायसिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, फेनिलअ‍ॅलानिन आणि हिस्टिडिन. ती अन्नातूनच यावी लागतात. पेशी ठरलेल्या क्रमाने साखळी जोडत जाते. एकाही जातीचा तुटवडा पडला की काम तिथंच अडतं. उरलेली अमिनो आम्लं चरबीसारखी साठवून ठेवता येत नाहीत. ती जाळली जातात आणि त्यांच्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो.

ज्वारीत तुटवडा आहे तो लायसिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात प्रौढाची लायसिनची गरज दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम दिली आहे. आईसाठी ती झाली सुमारे दीड ग्रॅम. चार भाकऱ्यांना अडीचशे ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, त्यात प्रथिनं सुमारे पंचवीस ग्रॅम, पण लायसिन जेमतेम अर्धा ग्रॅम. उलट ल्युसिन मात्र ज्वारीत भरपूर असतं, एकट्या भाकरीतूनच दिवसाची गरज भागून वर उरतं. शिवाय ज्वारीची प्रथिनं पाण्यात शिजली की एकमेकांना घट्ट धरतात आणि गव्हा-तांदळाच्या मानाने पचायला अवघड होतात. आपल्याकडची आंबवलेली अंबील इथे उपयोगी पडते. आंबवल्याने ज्वारी जास्त पचते. उन्हाळ्यात अंबील पुन्हा सुरू केली आणि आईला ती भाकरीपेक्षा हलकी वाटते.

ज्वारीच्या या स्वभावाचा शोध आपल्याच भागाशी जोडलेला आहे. पेलाग्रा हा रोग, ज्यात कातडी काळवंडते, जुलाब लागतात, मनावर परिणाम होतो, जगात बहुतेक ठिकाणी मका खाणाऱ्यांत दिसायचा. दख्खनमध्ये तो ज्वारी खाणाऱ्या गरीब माणसांत दिसत होता. १९६० मध्ये हैदराबादचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी मांडलं की ज्वारीतलं जादा ल्युसिन याला कारण असावं. ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन हे जीवनसत्त्व बनवतं आणि त्या कामात ल्युसिन अडथळा आणतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण एक अमिनो आम्ल वाढलं की दुसऱ्याचं गणित बिघडू शकतं हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. दूध-डाळ ताटात असेल तर ज्वारीला घाबरण्याचं काहीच कारण नाही. आईची भाकरी आम्ही एकही कमी केली नाही.

सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर घट्ट वरणाने. पातळ आमटीत माणशी डाळ किती असते ते एकदा वजनकाट्यावर मोजून बघा. आमच्याकडे ती पंधरा ग्रॅमसुद्धा भरत नव्हती. आता आईच्या वाट्याची पन्नास ग्रॅम कोरडी तूरडाळ वेगळी मोजून कुकरला लावतो. त्यातून प्रथिनं अकरा ग्रॅमच्या आसपास आणि लायसिन पाऊण ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेचा निम्मा वाटा. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते भाकरी भरून काढते. तीळ तर मेथिओनिनसाठी फारच चांगला, म्हणून तिळाची चटणी भाकरीपेक्षा वरणाच्या बाजूला जास्त शोभते. मेथिओनिन आणि त्यापासून बनणारं सिस्टिन केसा-नखांच्या केराटिनला लागतं आणि पेशींचं रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनलाही. शेंगदाण्यावर आपला भरवसा फार. प्रथिनं त्यात खरंच भरपूर आहेत, पण लायसिन डाळीच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे भाकरीची उणीव चटणीने भरत नाही. पिठलं-भाकरी मात्र अगदी जमलेली जोडी आहे. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, येसरची आमटी, सगळी त्याच बाजूची. डाळ आणि भाकरी एकाच घासात जायला हवी असंही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी शरीर जुळवून घेतं.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त विरोध त्यांना झाला. लातूरचा बाजार सोयाबीनवर चालतो. चहूकडे सोयाबीनचं रान, आडतीवर सोयाबीनची पोती, आणि घरोघरी ताटात एक दाणा नाही. तेल काढल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्या खाद्यात लायसिन आणि मेथिओनिन कमी पडू नये म्हणून ती वेगळी मोजून घालतात. कोंबडीच्या अमिनो आम्लांचा एवढा हिशोब होतो आणि ते पीक काढणाऱ्या बाईच्या ताटाचा होत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

वड्या म्हणजे तेल काढलेल्या सोयापिठाच्याच. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं. आईला पंचवीस ग्रॅम पुरतात, तेवढ्यात लायसिन पाऊण ग्रॅमच्या पुढे जातं. चवीची तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. वड्या मीठ घातलेल्या पाण्यात उकळायच्या, गार पाण्यात टाकून घट्ट पिळायच्या, असं दोनदा करायचं. मग काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडायच्या. आईला अख्ख्या वड्या चावायला त्रास व्हायचा, म्हणून बारीक कणी आणली. ती धपाट्यात आणि वांग्याच्या भरितात बेमालूम मिसळते. पहिले काही दिवस पोटात वायू धरला. प्रमाण अर्धं करून हळूहळू वाढवल्यावर तो त्रास गेला.

सोयाबीनचं पीठही गिरणीतून करून आणलं. कच्चा सोयाबीन कधीही दळू नका. त्यात ट्रिप्सिन या पाचकरसाला रोखणारे घटक असतात, ते उष्णतेनेच मोडतात. दाणे पंधरा-वीस मिनिटं उकळून, उन्हात कडकडीत वाळवून, हलके शेकून मग दळायचे. फार खरपूस भाजले तर लायसिन साखरेशी बांधलं जाऊन वाया जातं. ज्वारीच्या पिठात एक दशांशपेक्षा जास्त मिसळलं की भाकरीला चिरा पडतात. धपाट्यात जास्त चालतं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांसाठी खास सांगते. सोया त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणतं. आई गोळी पहाटे उपाशीपोटी घेते आणि सोयाचा पदार्थ दुपारच्या जेवणातच असतो. डॉक्टरांना विचारूनच हे ठरवलं.

थायरॉईडवरूनच आणखी एक. कुणीतरी आईला टायरोसिनच्या गोळ्या सुचवल्या होत्या, कारण थायरॉईडचं संप्रेरक टायरोसिन आणि आयोडीनपासून बनतं. पण टायरोसिन शरीर फेनिलअ‍ॅलानिनपासून स्वतःच बनवतं आणि दूध-डाळीत ते मुबलक असतं. आम्ही घेतल्या नाहीत.

दही ही या सगळ्यातली सर्वांत सोपी गोष्ट. सकाळी मोठी वाटीभर घरचं दही, सोबत राजगिऱ्याच्या लाह्या किंवा धपाटं. दीडशे ग्रॅम दह्यात प्रथिनं पाचेक ग्रॅम, पण लायसिनने संपन्न. राजगिरा आपण उपवासापुरता ठेवून दिला आहे. खरं तर त्यात गहू-ज्वारीच्या दुपटीने लायसिन असतं. आमच्याकडे आता तो आठवड्यातून तीन-चार वेळा होतो. लाडवांपेक्षा लाह्या बऱ्या, गूळ कमी जातो. सकाळवर भर देण्याचं कारण असं की वयस्क स्नायूंना एकेका जेवणात प्रथिनांचा पुरेसा हप्ता लागतो, साधारण पंचवीस-तीस ग्रॅम. तेव्हाच ल्युसिन स्नायूबांधणीची कळ नीट दाबतं. चहा-बिस्किटांची सकाळ आणि रात्रीच सगळं जेवण, असं केलं तर ते साधत नाही. आईच्या सकाळी अजून तेवढे ग्रॅम होत नाहीत, पण पूर्वीच्या मानाने खूपच बरी स्थिती आहे.

रात्रीच्या गरम दुधाबद्दल लोक झोपेचं सांगतात. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि पुढे मेलाटोनिन बनतं हे खरं, पण पेलाभर दुधाने आईच्या झोपेत मला फरक दिसला नाही. दूध चालू आहे ते प्रथिनांसाठी.

आता पावडर. व्हे म्हणजे चीज करताना जे पाणी निथळतं त्यातली प्रथिनं. दुधाच्या प्रथिनांत तिचा वाटा सुमारे एक पंचमांश. ल्युसिन आणि लायसिन दोन्ही भरपूर, पचायला जलद. साधारण तीस ग्रॅमच्या मापात चोवीस ग्रॅम प्रथिनं. आईला अर्धंच माप, बिनचवीची पावडर ताकात घुसळून. चवीची पावडर पहिल्यांदा आणली होती, तिचा गोडवा तिला सोसला नाही. तापातून उठल्यावर अन्नावरची वासना गेली होती तेव्हा या अर्ध्या मापाने खरंच हात दिला. एरवी रोज घेण्याइतकी गरज मला वाटली नाही. तेवढ्याच प्रथिनांना वड्यांच्या कितीतरी पट पैसे पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असाच सल्ला आहे. घ्यायचीच तर डब्यामागची यादी वाचा. प्रथिनं मोजताना बहुधा नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. त्याचा फायदा घेऊन काही ठिकाणी ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवतात. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामिन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घालण्यामागे हीच युक्ती होती, आणि लहान मुलांचे जीव गेले. अमिनो आम्लांचा तक्ता छापलेला असेल तर ल्युसिन एकूण प्रथिनांच्या दहा टक्क्यांच्या जवळ हवं.

कोलॅजनचा डबा भावाने गुडघ्यांसाठी पाठवला. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून किंवा माशांपासून ते करतात, हे कळल्यावर आईने तो घेतलाच नाही. शाकाहारी माणसांना हे दुकानात कुणी सांगत नाही. त्यातलं साधारण प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं आणि ट्रिप्टोफॅन अजिबात नसतं, त्यामुळे स्नायूंसाठी प्रथिन म्हणून ते अपुरंच. शरीर आपलं कोलॅजन अन्नातल्या अमिनो आम्लांपासून बांधतं आणि त्याला क जीवनसत्त्व लागतं. आवळा आणि लिंबू घरात आहेत.

परिणाम असा: आई आता खुर्चीवरून हात न टेकता उठते, पाठोपाठ पाच वेळा. सुरुवातीला हे एकदाही जमत नव्हतं. जिन्याचा कठडा धरते, पण त्यावर भार टाकत नाही. वजन जवळजवळ तेवढंच आहे. गुडघेदुखी आहे तशीच. केस-नखांत सांगण्यासारखं काही नाही. श्रेय एकट्या जेवणाला देता येणार नाही, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा आणि टाचा उचलण्याचा व्यायाम ती नेमाने करते. व्यायामाशिवाय नुसती डाळ वाढवून हे झालं नसतं असं फिजिओथेरपिस्टनेही स्पष्ट सांगितलं. ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यांचं प्रमाण वेगळं असतं.

डाळ मोजून लावणं, सोयाची कणी, सकाळचं दही आणि राजगिरा हे चालूच राहणार आहे. सोयाचं पीठ पुढच्या हंगामात जास्त करून ठेवणार, उन्हं चांगली असतानाच. पावडरचा लहान डबा घरात असू देणार, आजारपणासाठी आणि आई लांबच्या प्रवासाला निघाली तर. कोलॅजन पुन्हा नाही.