दाटलेली वॉटर लिली: गड्डा कापावा की मोठा टब द्यावा?

पानं पाण्यावर न पसरता उभी राहू लागली, फुलं घटली, की टब भरला समजा. अख्खा गड्डा मोठ्या टबात हलवणं सोपं. मुळं फारशी दुखावत नाहीत. पण मधला जुना, थकलेला भाग तसाच राहतो आणि पुढच्या वेळी टब दोन माणसांनाही उचलत नाही.

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणंच बरं. हार्डी (थंडी सोसणाऱ्या) जातीचा आडवा कंद कोंबाकडून 10-15 सेंमी ठेवून धारदार सुरीने कापा. काळा, मऊ, वास मारणारा भाग फेका. पसरट टबात चिकणमाती घेऊन कापलेलं टोक कडेला टेकवा, कोंब मध्याकडे आणि मातीच्या वर. गाडला की कुजतो! कोकोपीट तरंगतं, शेणखत पाणी हिरवं करतं; दोन्ही टाळा. सुरुवातीला कोंबावर 10-15 सेंमीच पाणी.