लिबरऑफिस आणि न उघडणाऱ्या फाइली : वर्षभराच्या वापरानंतर

लिबरऑफिस काय आहे ते सगळ्यांना माहितीये, वर्डसारखं लिखाणाचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मराठी बरं चालतं, त्यात वेळ घालवत नाही. मी लिहितोय ते फक्त न उघडणाऱ्या फाइलींबद्दल, कारण आमच्या दापोलीकडे मे अखेरीला वळीव सुरू झाला की लाइटचा भरवसा नाही, आणि नेमकी सेव्ह होताना गेली की संपलं. आंब्याच्या बागेचा सगळा हिशेब, वाशी बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या, फवारणीचा खर्च, गड्यांची मजुरी, मी लिबरऑफिसच्या रायटरमध्येच (लिखाणाच्या भागात) टेबलं करून ठेवतो, आणि तीच फाइल उघडेना. शहरातल्या एका दुकानात नेलं तर म्हणे, "काका, हार्डडिस्क गेली, मुंबईला पाठवावी लागेल," आणि नुसतं तपासायचे अडीच हजार! अहो पण त्याच डिस्कवरच्या बाकी सगळ्या फाइली उघडतायत, मग डिस्क गेली कशी? याचं उत्तर नाही. कॉम्प्युटर उचलून घरी आणला.

फाइलीत पानभर नुसती ##### अशी चिन्हं. साइज मात्र बरोबर. मी लिबरऑफिस काढूनच टाकणार होतो, पण पुतण्याने नीट समजावलं. विंडोज फाइलीचं नाव आणि साइज आधी नोंदवू शकतं, मजकूर मागाहून डिस्कवर उतरतो, मधे लाइट गेली तर आत नुसती शून्यं राहतात. पेटीवर शिक्का आहे, आत आंबा नाही. अशी फाइल कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही, मग अडीच हजार कशाचे मागत होता तो?

आता माझी खरी तक्रार. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जा, तिथे 'ऑल्वेज क्रिएट बॅकअप कॉपी' अशी एक खूण आहे. ती केली की प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत डॉट बॅक (.bak) नावाने वेगळी जपून राहते. माझ्याकडे ती बंद होती! २०२४ च्या २४.२ आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते, पण त्याआधी इतकी कामाची सोय चार मेनूंच्या आत बंद करून ठेवलेली असायची, हे मला अजून पटत नाही. ऑटोरिकव्हरी (काम चालू असताना मधून मधून आपोआप होणारी तात्पुरती नोंद) वेगळी, ती यात धरू नका. हे वाचणाऱ्याने बाकी काही नाही केलं तरी चालेल, ती खूण आहे का ते आज बघा, नसेल तर करा.

यानंतर लिबरऑफिसबद्दलचं मत बदललं ते दुसऱ्या फाइलीमुळे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेल्या कलमांचे फोटो वर्डच्या एका डॉकएक्स फाइलीत होते, तीही रुसलेली. नोटपॅडमध्ये उघडून बघितलं, पहिली दोन अक्षरं इंग्रजीत पी आणि के, म्हणजे आत माल आहे, कारण डॉकएक्स ही मुळात झिप फाइलच, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं असते, आणि झिपची सुरुवात याच अक्षरांनी होते. लिबरऑफिसने 'फाइल खराब आहे, दुरुस्त करू का' असं विचारलं, हो म्हटलं, मजकूर आला पण फोटो नाही आले. मग फाइलीची कॉपी केली (मूळ फाइलीला हात लावायचा नाही), कॉपीचं शेवटचं डॉकएक्स खोडून झिप लिहिलं, झिप उघडणाऱ्या सेव्हन-झिप सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया, आणि त्यात सगळे फोटो एकाखाली एक. आडवं पडलेलं आजोबांच्या हातचं कलम, मुळं वर आलेली, तोही फोटो मिळाला. खूप बरं वाटलं.

देवस्थानची जुनी स्मरणिका पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती उघडायला आता छापखान्यातही कोणी नाही. लिबरऑफिस ४.४ पासून, म्हणजे २०१५ पासून, पेजमेकरच्या फाइली उघडतं. उघडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. फाइल चांगली आहे, जुन्या श्रीलिपी वगैरे फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असायची, तो फॉन्ट नसला की असंच दिसणार. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसेल अशा रूपात, आणतोय, जोडाक्षरं आणि रफार हाताने सुधारावे लागतात. पालखीच्या मानकऱ्यांची यादी आधी घेतली, शिमग्याला चाकरमानी आले की नावं ताडून बघू.