ब्लेंडर: डोंगर फुकट, पण दीपमाळ मळकी का?

आधीच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी भरायची वेळ आली, आकडा बघितला आणि ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं रचायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. काम ठरलेलं: जत्रेतल्या नाटकाला मागचा देखावा. पुढे आमच्या गावच्या देवळाचा खरा फोटो आणि मागे संगणकावर रचलेला गड.

डोंगरांबद्दल तक्रार नाही. ए.एन.टी. लँडस्केप हे जोड-साधन उंचसखल जमीन चुटकीसरशी देतं (ब्लेंडर ४.२ आवृत्तीपासून एक्स्टेन्शन्समधून वेगळं घ्यावं लागतं). मिस्ट पास (अंतराप्रमाणे धुकं चढवायचा थर) लावून लांबचे कडे फिके केले की मे महिन्यातली इथली दमट हवा दिसायला लागते.

डोकं फिरलं ते रंगांवरून. कंपोझिटरमध्ये, म्हणजे चित्रं एकमेकांवर जोडायच्या भागात, डोंगर बसवला आणि अख्खा फोटोच मळकट. आमचे दिग्दर्शक बघून म्हणाले, "दीपमाळेला यंदा चुना काढला नाही काय रे?" कारण असं, की ४.० पासून 'एजीएक्स' हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (दृश्यातला प्रकाश पडद्यावरच्या रंगांत बदलायची पद्धत) आपोआप लागलेला असतो. तो थ्रीडी दृश्यातल्या कच्च्या प्रकाशासाठी आहे. कॅमेऱ्यानं फोटो आधीच तयार करून दिलेला असतो, त्यावर हा पुन्हा चढतो. शिजलेला भात परत कुकरला लावल्यासारखं. इलाज म्हणजे रेंडर प्रॉपर्टीजमध्ये पार खाली जाऊन, कलर मॅनेजमेंट उघडून 'स्टँडर्ड' निवडायचं. ही सूचना पहिल्या पानावर नको? पण पैसे दिलेलेच नाहीत, ओरडणार कुणावर!

इथवर लिहून ठेवलं होतं, तीन तारे देऊन. मग संध्याकाळचा प्रवेश करायला घेतला आणि 'स्टँडर्ड'मध्ये सूर्याभोवतीचं आकाश सपाट जळालं. 'एजीएक्स' तिथे केशरी रंग हळूहळू पांढऱ्याकडे नेतो. म्हणजे माल चांगला, जागा चुकीची. आता डोंगर एजीएक्समध्येच, फिल्म ट्रान्स्परंट (पार्श्वभूमी पारदर्शक) ठेवून, १६ बिट पीएनजीत काढतो आणि फोटोशी जोडणी गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तेही फुकट. चार तारे.

उन्हाची दिशा जुळवायला सन पोझिशन घ्या, ठिकाण आणि वेळ दिली की सूर्य जागेवर ठेवणारं ब्लेंडरचं जोड-साधन. पणजीसाठी अक्षांश १५.५, रेखांश ७३.८, आणि यूटीसी झोनमध्ये (जागतिक वेळेपासूनचा फरक, तासांत) ५.३० नव्हे, ५.५. वेळ फोटोच्या माहितीतून उचला, पण फोटो दुपारी साडेबाराचा नको. मेच्या सुरुवातीला त्या वेळी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते आणि तटबंदी पुठ्ठ्याची वाटते.

एक तारा कापला तो माडांसाठी. झावळ्यांच्या फटींतून मूळ फोटोतलं आकाश डोकावतं आणि प्रत्येक पातीला पांढरी कड राहते. सध्या हातानं मास्क करत, म्हणजे नको तो भाग झाकत, बसतो. कुणाकडे सोपी युक्ती असेल तर सांगा, विकतचं काही सुचवू नका.